सावलखोलची हरवलेली सप्तमी

सावलखोलच्या उगवतीला जो डोंगर आडवा पडला आहे, त्याची पाठ सरळ आहे. फक्त एका ठिकाणी तिला खाच आहे, भाकरीचा कुणी लचका तोडावा तशी. ही खाच निसर्गाची नव्हे. आत शिरलं की वरच्या जांभ्यावर टिकावांचे घाव दिसतात आणि तळाशी काळा पाषाण जळून तडकल्याच्या खुणा. खाचेच्या तोंडाशी अलीकडे कुणा मंडळींनी एक रंगीत फळा उभा केला आहे. 'दोन बहिणींच्या निर्व्याज प्रेमाचं प्रतीक' असं त्यावर लिहिलं आहे.

देवळाची पूजाअर्चा पाहणारे दाजी गुरव पाहुण्यांना खाच दाखवायला नेतात, तेव्हा या फळ्यापाशी मुद्दाम थांबतात.

"वाचलंत? आता विसरा," ते म्हणतात. "प्रेमापायी कुणी डोंगर फोडलेला मी तरी पाहिला नाही. ही खाच हेव्याची आहे. लिहायला लाज वाटली त्यांना."

दाजींचा राग एवढ्यावर थांबत नाही. फळ्यावर दोन बहिणींची चित्रं आहेत, पण ज्या कुळवाड्यांनी टिकाव चालवले त्यांच्यासाठी एक ओळही नाही. गोष्ट गोड करायची म्हणून तिच्यातली माणसं पुसून टाकायची, या प्रकाराची त्यांना चीड आहे. मग ते खाचेतल्या एका धोंड्यावर बसतात आणि गोष्ट जशी आहे तशी सांगतात.

त्याआधी पाहुण्यांना एक नेम समजून घ्यावा लागतो. सूर्य उगवताना जी तिथी चालू असेल, ती त्या दिवसाची तिथी. पण तिथी चालते चंद्राच्या गतीनं. ती भर दुपारी लागते, पहाटे संपते, सूर्याची वाट पाहत नाही. एखादी तिथी आजचा सूर्य उगवल्यानंतर लागली आणि उद्याचा उगवण्याआधीच संपली, तर तिच्या वाट्याला दिवसच येत नाही. तिला क्षयतिथी म्हणतात. पंचांग मांडणारे सूर्योदय गणितानं काढतात आणि त्या गणितात डोंगर धरत नाहीत. या खोऱ्यातल्या जुन्या माणसांनी मात्र आपला वेगळाच हट्ट धरला होता. डोळ्यांना दिसेल तो उदय. आणि सावलखोलात सूर्य डोंगर चढून येईपर्यंत वरच्या उजळोलीत तो दोन-अडीच घटका आधीच उगवलेला असायचा. बाहेरच्या कोणत्याही पंचांगकर्त्यानं हे ऐकलं असतं तर तो हसला असता. इथं मात्र या चुकीवर दोन गावं चालत होती.

गोष्ट फार जुनी आहे, कोणाच्या राज्यातली ते दाजीही सांगत नाहीत. उजळोलीच्या जोश्यांकडे दोन्ही गावांचं पंचांग होतं. खाली सावलखोलात विसाजीपंत सुपारीची बाग राखून होते. या दोन घरांत दोन सख्ख्या बहिणी दिल्या होत्या. थोरली वाराणशी, तिला सगळे वारू म्हणत, खाली विसाजीपंतांच्या घरात. धाकटी आवडी, प्रत्यक्ष जोश्यांच्या घरात.

मुळात ठरलं होतं उलटं. जोश्यांच्या केशवासाठी वारूची बोलणी झाली होती, साखरही वाटून झाली होती. वारूला वडिलांनी शेजारी बसवून पंचांग शिकवलं होतं. कोणत्या तिथीला कोणतं करण, अधिक महिना कधी धरायचा, हे ती भाजी निवडता निवडता सांगायची. जोश्यांचं घर तिच्यासाठीच आहे असं सगळे म्हणत, आणि हळूहळू तीही तेच म्हणू लागली. मग केशवाच्या वडिलांनी पत्रिका पुन्हा मांडल्या. निरोप आला, "थोरलीची एकनाड येते. धाकटीची जमते." ठरलेला मुहूर्त फुकट जाऊ नये म्हणून त्याच मांडवात, त्याच मुहूर्तावर, वारूसाठी आणलेली अष्टपुत्री नेसून आवडी बोहल्यावर उभी राहिली. मागं करवली म्हणून वारू होती. अंतरपाट दूर झाला तेव्हा अक्षता टाकायला तिचा हात वर गेला नाही, असं सांगतात. पुढच्या वर्षी तिला सावलखोलात दिली.

विसाजीपंत चांगला माणूस होता. कधी आवाज चढवला नाही, कधी हिशेब मागितला नाही. त्यांच्यात काय खोट आहे ते वारूला स्वतःलाही सांगता आलं नसतं. खोट एवढीच की त्यांच्या अंगणात उशिरा उजाडायचं.

ती उशिराची सकाळ वारूच्या मनात घर करून बसली. आवडीचे सांडगे दोन उन्हांत खडखडीत व्हायचे आणि वारूच्या सांडग्यांना बुरी यायची. आवडीचं लोणचं वर्ष काढायचं. आवडीच्या धुण्याला उन्हाचा वास असायचा, हे वारू ती आली की वासावरूनच ओळखायची. माहेरी दोघी जमल्या की आई म्हणे, "आवडी, तुझा रंग किती उजळलाय गं." वारू मग उठून विहिरीवर जायची.

आणि सगळ्यांत वाईट दिवस रथसप्तमीचा. त्या दिवशी अंगणात सूर्याचा रथ रेखायचा, शेणींच्या विस्तवावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवायचं आणि उगवत्या सूर्यासमोर ते उतू जाऊ द्यायचं. उजळोलीत सूर्य दिसला की जोशी शंख फुंकायचे. तो खाली ऐकू यायचा, पण खाली अजून सावली असायची. बायका चुलींपुढे वाट पाहत बसायच्या. तोवर वरचा दुधाचा प्रसाद घेऊन आवडी खाली उतरलेली असायची.

"अक्का, आमचं कधीच आटोपलं. तुमच्याकडे अजून उजाडायचंय वाटतं?"

आवडी हसून म्हणायची. ते हसणं साधं होतं की नव्हतं, यावर दोन्ही गावांत अजून वाद आहे.

असं चालू असताना एका वर्षी, सप्तमीच्या आधी चार-सहा दिवस, केशव जोशी स्वतः खाली आले. ओटीवर बसून गूळपाणी झालं, सुपारी झाली. मग ते विसाजीपंतांना म्हणाले, "यंदा सावलखोलात सप्तमी नाही."

"नाही म्हणजे काय?" वारूनं माजघराच्या दारातूनच विचारलं.

"क्षय आहे. तुमच्याकडे सूर्य वर आला की मग लागते आणि दुसऱ्या दिवशी तुमचा सूर्य वर यायच्या आत संपते. दिवस मिळत नाही."

"आणि वर?"

"वर आहे. आमच्याकडे सूर्य आधी येतो, तेव्हा ती चालू असते."

वारूनं तिथल्या तिथे बोटांवर मोजलं. गणित बरोबर होतं. तेच तिला जास्त लागलं.

"मग आम्ही काय करायचं?"

"वर या सगळ्या. आमच्या अंगणात दूध उतू जाऊ द्या. आवडीनंच सुचवलंय, अक्का."

सावलखोलच्या बायका त्या वर्षी बोळकी घेऊन डोंगर चढल्या. वारूही गेली. न जाऊन सांगणार काय होती? जोश्यांचं अंगण सारवलेलं, लख्ख, मधोमध सात घोड्यांचा रथ. आवडी एकेकीला जागा देत होती. वारूला तिनं हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "अक्का, वेगळा विस्तव कशाला? माझ्याच शेणींवर ठेव की तुझं बोळकं. आपल्यात काय तुझंमाझं."

कौतुकाची कुजबुज झाली. सूर्य वर आला, शंख वाजला, आवडीच्या विस्तवावर वारूचं दूध उतू गेलं. कुणी म्हणालं, "काय ऊन आहे गं यांच्याकडे." वारू प्रसादाला थांबली नाही. रिकामं बोळकं काखेत मारून ती धावतच डोंगर उतरली. ती आपल्या अंगणात पोचली तेव्हा सूर्य नुकता डोंगराच्या पाठीवर डोकं काढत होता. तिनं एक काठी अंगणात रोवली, तिच्यापुढं दुसरी रोवली आणि दोन्ही काठ्यांच्या रेषेत सूर्य जिथून निघाला ती जागा धरली. दुपारी गड्याला वर पाठवलं. अंगणातून ओरडून ओरडून, डावीकडे, अजून डावीकडे, करत त्या जागी चुन्याचा ढीग घालून घेतला.

संध्याकाळी विसाजीपंतांनी विचारलं, "चुना कशासाठी?"

"तिथं डोंगर फोडायचाय."

त्यांना वाटलं, रागात आहे, उतरेल. राग उतरला नाही. दुसऱ्या दिवशी वारूनं देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं. या डोंगराला खाच पाडून सप्तमीचा सूर्य माझ्या अंगणात आणीन, आणि तो येईपर्यंत सकाळच्या वेळी उगवतीकडे तोंड करणार नाही. त्या दिवसापासून ती सकाळी डोंगराकडे पाठ करून सडा घालू लागली. तिचं पाहून गावातल्या बायकांनीही तोच नेम धरला.

पण डोंगर नवसानं फुटत नाही. त्याला हात लागतात, आणि हात होते कुळवाड्यांचे. त्यांचा म्होरक्या धाकू मांडवकर. वारू त्याच्या खळ्यावर गेली.

"वैनी," धाकू म्हणाला, "तुमचा नि तुमच्या भनीचा काय तो तंटा. आमी कशापायी मरायचं?"

"तुझी नाचणी कधी वाळते?"

"वाळते आपली."

"उजळोलीची कधी वाळते?"

उजळोलीची खळी दोन दिवस आधी वाळत, त्यांचं धान्य बाजारात आधी पोचत असे. सावलखोलची पोरं सर्दीनं भरलेली आणि वरची पोरं उघडी हिंडत. हे सगळं प्रत्येक घरात रोज बोललं जात होतं, फक्त कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. वारूनं त्या दिवशी त्यांच्यासमोर काही नवं मांडलं नाही. जे घराघरांत धुमसत होतं तेच तिनं मोठ्यानं म्हटलं. धाकू टिकाव शोधायला उठला.

पाडव्याला जोश्यांनी देवळात नव्या वर्षाचं पंचांग वाचलं. त्यात निघालं की येत्या माघातही सावलखोलची सप्तमी क्षयाला जाते. डोंगराच्या पाठीवरून सूर्य येईपर्यंत ती टिकणार नाही. जरा आधी, खाचेतून आला, तर मात्र टिकेल. वारू खांबाआड बसून ऐकत होती. तिला गावापुढं आता वेगळी मुदत घालायची गरज उरली नाही.

पावसाआधी वरचा जांभा निघाला. तो टिकावाला दाद देतो. खाली काळा पाषाण लागला आणि पाऊसही लागला. काम थांबलं.

त्या वर्षी श्रावण अधिक आला. माहेराहून दोन्ही जावयांना अधिकाचं वाण निघालं, तेहतीस-तेहतीस अनारसे. गडी दोन्ही पाट्या घेऊन आधी सावलखोलात उतरला, कारण वाट तशी होती. वारूनं दोन्ही पाट्यांवरचं फडकं उचलून अनारसे मोजले. सारखे होते. मग तिनं आकार पाहिला. आवडीच्या पाटीतले मोठे वाटले. तिनं वरचे चार बदलून घेतले आणि तरीही दिवसभर तिला वाटत राहिलं की मोठे तिकडेच गेले. जिला अधिक महिना बोटांवर काढता यायचा, तिच्या हातात अधिकाचे अनारसे होते, आणि ती त्यांचा घेर मापत होती. दाजी इथं नेहमी थांबतात. पाहुण्यांतलं कुणी हसतं. दाजी हसत नाहीत.

दसरा झाला आणि काम पुन्हा उभं राहिलं. काळ्या पाषाणावर लाकडं रचून जाळायची, पाषाण तापून लाल झाला की वरून पाणी ओतायचं, मग तो तडकतो. लाकूड सगळ्या गावानं दिलं. पुरेना. वारूनं बागेतले दोन जुने फणस दाखवले.

"ते आजोबांच्या हातचे आहेत," विसाजीपंत म्हणाले.

"उन्हात नवे लावू."

विसाजीपंत आयुष्यात पहिल्यांदा पानावरून न जेवता उठले. फणस पडले. बायका ओळीनं उभ्या राहून ओढ्यापासून वर पाण्याच्या घागरी चढवत होत्या. वाफेनं धाकूचा दंड भाजला, त्याच्या भावाच्या पायावर शिळा आली, तो जन्मभर लंगडला. त्याचं नाव म्हादू. फळ्यावर नाही म्हणून दाजी ते दोनदा उच्चारतात.

सप्तमीच्या आदल्या संध्याकाळी, षष्ठीला, शेवटची शिळा निघाली. खाच पुरी झाली. गावानं वारूच्या अंगणात मोठा रथ रेखला. पहाटे सगळं गाव तिथं जमलं. वर्षभरानं पहिल्यांदा वारूनं सकाळच्या वेळी उगवतीकडे तोंड केलं. डोंगराची काळी पाठ आणि तिच्यात खाचेचा फिकट तुकडा. तिनं मोठं बोळकं विस्तवावर ठेवलं.

वरून शंख वाजला. उजळोलीत सप्तमीचा सूर्य उगवला होता. आता खाचेत यायचा होता.

दूध तापलं. खाचेतला तुकडा उजळला, पण किरण आला नाही. दूध वर चढू लागलं, तसं वारूनं पळीनं ढवळून ते खाली बसवलं. पुन्हा चढलं, पुन्हा बसवलं. सूर्याआधी उतू जाऊन चालणार नव्हतं. मग धाकू हळूच म्हणाला, "वैनी, तिकडं बघा."

खाचेच्या डाव्या अंगाला, जिथं डोंगर सलग होता, त्याच्या कडेला सोन्याची रेघ उमटली होती. सूर्य तिथं चढत होता. अखंड डोंगराआडून. खाच त्याच्या उजवीकडे राहिली होती, निळी आणि रिकामी.

वारूला सगळं एका क्षणात कळलं. सप्तमी चंद्राची. अधिक महिना मध्ये आल्यानं ती गेल्या वर्षीपेक्षा पंधरा-वीस दिवस उशिरा आली होती. सूर्य मात्र आपल्या चालीनं, उत्तरायणात रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकत होता. गेल्या सप्तमीला तो ज्या जागी उगवला, ती जागा त्यानं केव्हाच मागं टाकली होती. तो खाचेतून खरोखरच येऊन गेला होता, पंधरवड्यामागे, खाच अजून अर्धी असताना. आणि त्या दिवसांत खाली अंगणात असणाऱ्या सगळ्या बायका नेमानं डोंगराकडे पाठ करून होत्या. वर राबणाऱ्यांना सूर्य कसाही समोरच दिसत होता. अंगणातून काय दिसेल हे फक्त अंगणातून कळलं असतं.

हातातली पळी थांबली. दूध आटलं होतं, खाली लागलं. करपल्याचा वास अंगणभर पसरला. सूर्य डोंगराच्या पाठीवर आला तोवर सप्तमी संपून गेली होती. मागं कोणीतरी म्हातारी एकदाच हसली.

वारूनं पदरानं धरून करपलेलं बोळकं उचललं आणि कोणाकडे न पाहता डोंगराची वाट धरली.

खाचेत आवडी उभी होती.

"हसायला आलीस?" वारूनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"येतो का ते बघायला आले होते." आवडी खाली बघत म्हणाली. "येणार नाही, ते ठाऊक होतं."

वारूनं बोळकं धोंड्यावर ठेवलं.

"यांनी दसऱ्यानंतर लगेच मला सांगितलं होतं," आवडी म्हणाली. "जाऊन अक्काला सांग, सप्तमी यंदा उशिरा आहे, खाच चुकतेय, बरीच डावीकडे घे म्हणावं. मी निघालेही. इथवर आले. तुम्ही सगळ्या ओळीनं घागरी चढवत होतात. मी परत फिरले आणि घरी सांगितलं, सांगून आले."

"का?"

"एखादी तिथी अडली की हे काय म्हणतात माहितेय? तुझ्या अक्कानं बोटांवर काढली असती. दर वेळी. जेवताना, पाहुण्यांदेखत. मला ते घर मिळालं गं, पण त्या घरात मी कायम तुझ्या जागेवर बसलेय. मला वाटलं, एकदा तरी अक्काचं चुकू दे. सगळ्यांसमोर चुकू दे."

वारू मग जे बोलली ते तिनं कधी स्वतःशीही उच्चारलं नव्हतं.

"मला ऊन नको होतं, आवडे. मला तू नको होतीस तिथं. तुझे सांडगे वाळू नयेत म्हणून मी देवाला हात जोडलेत. तुझ्या लग्नात मी अक्षता टाकल्या नाहीत."

"ठाऊक होतं."

"आणि तू माझा हेवा करत होतीस?"

"रोज."

"ते मला नव्हतं ठाऊक," वारू म्हणाली.

एवढंच बोलणं झालं, असं सांगतात. गळ्यात पडल्या, रडल्या, हे फळा लिहिणाऱ्यांचं. दोघी धोंड्यावर बसल्या. खाचेत तोवर ऊन आलं होतं, कारण खाचेतून उजळोलीच्या बाजूचं सगळं आकाश उघडं दिसतं. आवडीनं बोळक्यात हात घालून तळाची खरवड सुटते का पाहिलं. मग दोघींनी नखांनी ती काढून खाल्ली. तेव्हाही, म्हणे, वारूनं आवडीच्या वाट्याकडे एकदा पाहून घेतलं.

केशव जोश्यांना झाला प्रकार कळला. त्यांनी बायकोला काय म्हटलं ते कुणाला माहीत नाही. पण पुढच्या पाडव्याला देवळात त्यांनी सांगितलं की खाचेत उभं राहिलं की वरचाच सूर्य दिसतो, तेव्हा तिथं उभ्या असलेल्या सावलखोलच्या बायकांची सप्तमी बुडत नाही. जागा त्यांनी स्वतः फोडून काढलेली आहे, कुणाच्या अंगणात जायची गरज नाही. विसाजीपंतांनी खाचेच्या तोंडाशी फणसाचं रोप लावलं. ते काही जगलं नाही.

आजही रथसप्तमीला सावलखोलच्या बायका बोळकी घेऊन पहाटेच खाचेत येतात आणि उजळोलीच्या बायका पलीकडून. घराघरांत छापील दिनदर्शिका आहेत, सूर्योदय गणिताचा आहे, कोणाची सप्तमी आता हरवत नाही. तरी येतात. विस्तवावर दूध ठेवलं की ते वर चढायच्या आत प्रत्येकीनं कुणा एकीला तोंडावर सांगायचं असतं, वर्षभरात तिचा कशाचा हेवा केला. तुझ्या म्हशीचा. तुझ्या लेकीला नोकरी लागली त्याचा. तुझ्या नवऱ्याची दारू सुटली त्याचा. समोरचीनं फक्त दोनांतलं एक उत्तर द्यायचं, 'ठाऊक होतं' किंवा 'ठाऊक नव्हतं'. माफ केलं म्हणायचं नाही. समजूत घालायची नाही. पुरुषांनी तेव्हा खाचेत पाऊल टाकायचं नाही, त्यामुळे दाजी बाहेरच उभे असतात. पण उत्तरं तिथपर्यंत ऐकू येतात. 'ठाऊक होतं' हेच जास्त वेळा येतं, असं ते सांगतात.

आणि अठरा-एकोणीस वर्षांनी एखादी सप्तमी अशी येते की सूर्य आणि तिथी त्याच जुन्या जागी जुळतात. त्या पहाटे पहिला किरण खाचेतून सरळ सावलखोलात उतरतो, विसाजीपंतांचं घर होतं तिथल्या अंगणावर लख्ख पडतो. तेव्हा तो पाहायला खाली कुणीच नसतं. सगळ्या बायका वर असतात.